बेस शिकताना घेतलेला अ‍ॅम्प: फेंडर रंबल ४०, चौदा महिन्यांनंतर

फेंडरचा रंबल ४० हा बेस गिटारचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) माझ्याकडे येऊन चौदा महिने झाले. पुण्याच्या एका बेसवादकाकडून वापरलेला घेतला, सोळा हजारांना. रोज रात्री पाऊण तास आणि रविवारी सकाळी दोन तास तो चालतो. मिरजेत माझं मोटर भरायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं, दुकान आहे आणि वर माडीवर घर. आसपासच्या गावांतून पाच आणि साडेसात एचपीचे पंप जळून येतात, ते उघडून आम्ही परत भरतो. बेस गिटार मी त्रेचाळिसाव्या वर्षी हातात घेतली. कॉईल, कोअर, अर्थिंग हे माझे रोजचे शब्द आहेत आणि अ‍ॅम्प निवडताना त्यांचा मला फार उपयोग झाला. नवीन शिकणाऱ्याला दुकानात कुणी हे सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी बेस यामाहाची टीआरबीएक्स १७४. चार तारा (जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी), पॅसिव्ह, आत बॅटरी नाही. ती घेतली त्या दिवशी दुकानातल्या माणसाने सोबत दहा वॅटचा, साडेसहा इंची स्पीकरचा एक छोटा अ‍ॅम्प दिला. त्याच्यावर कुठे 'बेस' असं लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "काका, गिटार ती गिटार. प्रॅक्टिसला सगळं चालतंय." मी विश्वास ठेवला. पाचव्या आठवड्यात जाड तार वाजवली की आतून कागद फाटल्यासारखी चरचर यायला लागली. मागून उघडून पाहिलं तर व्हॉइस कॉईल, म्हणजे स्पीकरच्या आतली कॉईल, एका बाजूने घासून तिची लाख काळी पडली होती. घासलेली कॉईल मी रोज बघतो, त्यामुळे काय झालंय ते लगेच कळलं. का झालं ते कळायला मात्र वाचावं लागलं.

गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८२ कंपनांनी, वाजते, बेसची ४१ ला. बरोबर एक सप्तक खाली. आता तोच आवाज ठेवून सूर एक सप्तक खाली न्यायचा असेल तर स्पीकरच्या कोनाला, म्हणजे पुढच्या शंकूसारख्या पडद्याला, चौपट अंतर मागेपुढे जावं लागतं. दुप्पट पुरत नाही. गिटारसाठी बनवलेल्या लहान स्पीकरला एवढी चाल दिलेलीच नसते. त्यात गिटारच्या अनेक अ‍ॅम्पची पाठ उघडी असते. कोन पुढे ढकलतो ती हवा आणि मागे ओढतो ती हवा खालच्या सुरांना कडेने वळून एकमेकींत मिसळतात आणि सूर तिथेच मरतो. म्हणजे आवाज येत नाही म्हणून आपण नॉब फिरवतो आणि कॉईल आणखी मार खाते. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बासमन नावाचा वेगळा अ‍ॅम्प काढला, त्यात पंधरा इंची स्पीकर होता. बेससोबतच बेसचा अ‍ॅम्पही आला, एवढं लक्षात ठेवलं तरी माझ्यासारखे पैसे जाणार नाहीत. अगदी हळू आवाजात बेस ही साध्या गिटारच्या अ‍ॅम्पवर वाजवली तर काही जळत नाही, हेही खरं. पण हळू वाजवायचं हे रोज रात्री कुणाच्या लक्षात राहणार?

तो अ‍ॅम्प बाजूला ठेवला आणि आमच्या सरांनी त्यांच्याकडचा एक जुना, आठ इंची स्पीकरचा बेसचा अ‍ॅम्प मला वापरायला दिला. सर म्हणजे माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. सांगलीला राहतात, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आणि चर्चमध्ये वाजवतात. ते मला काका म्हणतात, मी त्यांना सर. त्या आठ इंची डब्यावर मी सात महिने शिकलो. मेजर स्केल झाली, रूट आणि पाचवा झाला, दोन-तीन जुनी गाणी पूर्ण बसली. मला वाटलं, हात चांगला बसतोय.

मग एका रविवारी सरांनी मला त्यांच्या सरावाच्या खोलीत बोलावलं. तिथे पंधरा इंची स्पीकरचं कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची मोठी पेटी, होतं. मी डी तारेवर एक साधी ओळ वाजवली आणि खाली कुठेतरी सतत एक घरघर चालू राहिली, जशी रस्त्यावर ट्रक उभा असावा. मी थांबलो तरी ती थांबेना. सरांनी पुढे होऊन माझ्या ई तारेवर बोट ठेवलं. एकदम शांतता. म्हणाले, "काका, ही तार तुम्ही कधी झाकतच नाही. हात लागला की ती आपली वाजतेय." सात महिने ती तार वाजत होती आणि माझ्या अ‍ॅम्पमधून ती मला ऐकूच आली नव्हती. उजव्या हाताचा अंगठा वरच्या जाड तारांवर सरकवत न्यायचा असतो, जेणेकरून न वाजणाऱ्या तारा झाकल्या जातील, ही सवय मला सुरुवातीलाच लागायला हवी होती. ती मोडून परत लावायला तीन महिने गेले.

त्या दिवशी मी अ‍ॅम्प निवडायचं माप बदललं. तोवर मी वॅट बघत होतो. आता बघायचं ते एवढंच, की घरात, हळू आवाजात, माझी चूक मला ऐकू येते का. बेसवरच्या बहुतेक चुका खाली असतात: न झाकलेली तार, वेळेपेक्षा लांबलेला सूर, दोन सुरांमधली नको असलेली भर. खालचाच आवाज न देणारा अ‍ॅम्प या चुका पोटात घालतो आणि शिकणाऱ्याला वाटतं छान चाललंय.

इथे एक शंका मला बरेच दिवस छळत होती. आठ इंची डब्यातून ४१ हर्ट्झ जवळजवळ बाहेर येत नाही म्हणतात, मग मला ई तारेचा सूर ई म्हणून ओळखू कसा यायचा? ट्यूनिंग तर मी कानाने करायचो. याचं उत्तर आमच्याच गल्लीत मिळालं. मिरजेची सतार आणि तंबोरा तुम्हाला माहीत असेलच. २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या दुकानापासून चार घरांवर सतारमेकर चाचा बसतात, तंबोऱ्याची जवारी लावण्यात, म्हणजे घोडी घासून तार बोलती करण्यात, सत्तर वर्षांचं वय घातलेला माणूस. त्यांचा ड्रिल मशीनचा आर्मेचर द्यायला गेलो होतो तेव्हा विषय काढला. त्यांनी तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली, मग घोडीवर तारेखाली असलेला दोरा काढून परत छेडली. दोऱ्यासकट ती तार सबंध खोली भरून बोलत होती, दोऱ्याशिवाय नुसती ठक्क. चाचा म्हणाले, "तुला खर्ज ऐकू येतो वाटतं, तो खर्ज कमी आहे बेटा. त्याची पोरं बोलतात, आणि पोरांच्या आवाजावरनं तू बापाला ओळखतोस."

तेच स्पीकरचं आहे. ४१ हर्ट्झच्या ई सोबत ८२, १२३, १६५ असे वरचे आंशिक सूर वाजत असतात. लहान डबा तेवढेच देतो आणि आपला मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो. म्हणून सूर ओळखता येतो, ट्यूनिंग जमतं, गाणंही कळतं. पण न झाकलेल्या जाड तारेची घरघर ही बहुतेक खालची असते, बोटाने न छेडल्यामुळे तिला वरची पोरं फारशी नसतात. ती लहान डब्यात हरवते. काळी एकचा तंबोरा लावला तर त्याचा खर्ज ६९ हर्ट्झला असतो, म्हणजे बेसवर ए तारेचा चौथा फ्रेट (पडदा). बेसची उघडी ई त्याच्याही नऊ पडदे खाली आहे. चाचांच्या मिरजेत जो सूर सगळ्यात खालचा मानतात, त्याच्याही तळघरात हे वाद्य आहे.

मग पुण्याला गेलो. एका मोठ्या दुकानात अर्धा दिवस बसलो, स्वतःची बेस आणि स्वतःची केबल घेऊन. हे फार महत्त्वाचं आहे. दुकानातली बेस वेगळी, तिच्या तारा नव्या, आणि मग फरक अ‍ॅम्पचा की तारांचा हे कळत नाही. तीन अ‍ॅम्प लावून बघितले: ऑरेंजचा क्रश बेस २५, फेंडरचा रंबल २५ आणि रंबल ४०. पहिल्या दोघांत आठ इंची स्पीकर, तिसऱ्यात दहा इंची. दुकानातला मुलगा आवाज मोठा करून स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारा आपटून, वाजवून दाखवत होता. मी त्याला विनंती केली की आवाज आपण बोलतोय तेवढाच ठेव. मोठ्या आवाजात सगळे अ‍ॅम्प चांगले वाटतात. माझ्या घरात रात्री साडेनऊला आई शेजारच्या खोलीत झोपते, मला त्या वेळचा आवाज ऐकायचा होता.

हळू आवाजाचा हा मुद्दा कानाशीही जोडलेला आहे. १९३३ साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की आवाज जितका हळू, तितका आपला कान खालच्या सुरांना बहिरा होत जातो. म्हणजे घरातल्या सरावाला खालचा आवाज आधीच कमी ऐकू येतो, वर अ‍ॅम्पही कमी देत असेल तर उरतं काय? फक्त तारेची खटखट. ज्यांना फक्त घरी वाजवायचं आहे त्यांनी लहान अ‍ॅम्प घ्यावा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. माझं मत उलट आहे. घरी हळू वाजवणाऱ्यालाच मोठ्या कोनाची जास्त गरज आहे.

तिन्हींवर मी तीच चार कामं केली. उघडी ई छेडून ती विझेपर्यंत ऐकली. ई तारेवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकाच जोराने चढलो, कुठला सूर अचानक दबतो किंवा उडी मारतो का ते बघायला. डी तारेवर तुटक सूर वाजवले, प्रत्येकानंतर हात ठेवून, सूर जिथे थांबवला तिथे स्पीकरही थांबतो का. आणि शेवटी मुद्दाम ई तार मोकळी सोडून बारीक तारांवर वाजवलं, म्हणजे माझी जुनी चूक. आठ इंचींमध्ये ती चूक लक्ष देऊन ऐकली तर सापडत होती. दहा इंचीत ती न शोधता सापडली. तिथे निकाल लागला.

ऑरेंजबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यात ट्यूनर अंगचाच आहे आणि हेडफोनचा आवाज कॅबिनेटसारखा यावा अशी सोय केलेली आहे. ज्याला रात्री फक्त हेडफोनवरच वाजवायचं आहे, चाळीत किंवा होस्टेलवर राहतो, त्याने तो नक्की ऐकावा. रंबलमध्ये ट्यूनर नाही, ब्लूटूथही नाही. मी हेडस्टॉकला (खुंट्या असलेल्या टोकाला) लावायचा क्लिपचा ट्यूनर वापरतो. पण लो ई ला तो कधीकधी गोंधळतो, मग बाराव्या फ्रेटवर तार हलकेच टेकून येणारा वरचा सूर (हार्मोनिक) वाजवून सूर लावायचा.

वॅटविषयी थोडं. २५ आणि ४० हे आकडे ऐकून वाटतं की दीडपट मोठा आवाज. तसं होत नाही. पॉवर दुप्पट केली तर आवाज तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. २५ चे ४० म्हणजे दोन डेसिबल, कळेल न कळेल एवढा. फरक पडला तो कोनाच्या क्षेत्रफळाने आणि पेटीच्या आकारमानाने. साठच्या दशकात मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्डवर बेस वाजवणारा जेम्स जेमरसन लहान क्लबांत अँपेगचा बी-१५ वापरायचा. त्याची ताकद पंचवीस-तीस वॅटच, पण स्पीकर पंधरा इंची आणि पेटी नीट विचार करून बांधलेली. मोटरचंही असंच आहे. नुसता एचपीचा आकडा बघून पंप घेणारा शेतकरी नेहमी फसतो; पाइपाचा व्यास किती, पाणी किती उंच चढवायचं, हे कुणी विचारत नाही.

वजनाने मी चकित झालो. रंबल २५ साडेनऊ किलोचा आणि त्याहून मोठा रंबल ४० सव्वाआठ किलोचा. कारण ४० मध्ये क्लास डी सर्किट आहे, जड ट्रान्सफॉर्मर नाही. हलका अ‍ॅम्प म्हणजे हलका माल, असं माझ्या धंद्यात खरं असतं, कारण तांबं कमी घातलेलं असतं. इथे ते माप चालत नाही.

नवा घ्यायला पैसे कमी पडत होते, म्हणून वापरलेला शोधला. सहा आठवडे जाहिराती चाळल्या. त्यात एक फार स्वस्त मिळत होता, जवळजवळ नवा, कुणीतरी अमेरिकेहून येताना आणलेला. पाठीवरच्या पट्टीचा फोटो मागवला तर १२० व्होल्ट. आपल्याकडे २३० व्होल्ट. तो तसाच प्लगमध्ये लावला असता तर पहिल्याच मिनिटाला धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मी स्वतः बांधू शकतो, पण रोज चार किलोचा डबा शेजारी ठेवून, चुकून एखाद्या दिवशी थेट लावण्याची भीती बाळगून वाजवायचं नव्हतं. सोडून दिला. वापरलेला अ‍ॅम्प घेणाऱ्याने आधी ही पट्टी वाचावी, मग बाकीचं.

पुण्यातला हा मिळाला तेव्हा मी मल्टीमीटर घेऊन गेलो. विकणारे गृहस्थ थोडे अवाक झाले, पण त्यांनी करू दिलं. प्लगची मोठी पिन आणि जॅकचा बाहेरचा धातू यांच्यात कंटिन्युइटी (जोड सलग आहे का) बघितली. ती नसेल तर अर्थिंग तुटलेलं आहे आणि हात धातूच्या तारांवर आहेत, तिथे खेळ नको. मग प्रत्येक नॉब पूर्ण डावीकडून उजवीकडे फिरवला. खरखर आली तर बहुतेक वेळा धूळ असते, साफ होते. केबल जॅकमध्ये हलवून बघितली, आवाज तुटतो का. टॉर्च लावून जाळीतून कोन बघितला, सुरकुती किंवा भोक आहे का. शेवटी ई तार जोरात, आवाज अर्ध्याच्या वर. चरचर नाही. दहा मिनिटं सलग वाजवून मागे हात लावला, कोमट. पैसे दिले.

घरी आणून पहिल्या रात्री लावला आणि माझं तोंड उतरलं. ई तारेचा दुसरा फ्रेट, म्हणजे एफ शार्प, असा घुमायचा की पोट हलायचं, आणि शेजारचे सूर त्याच्यापुढे पातळ. मला वाटलं अ‍ॅम्पमध्ये दोष आहे. दोन दिवस उगाच नॉब फिरवत बसलो. मग खोली मोजली. लांबी बारा फूट. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये जो सूर उभा राहतो तो साधारण ४७ हर्ट्झचा, आणि एफ शार्प आहे ४६ चा. घुमत होती खोली. अ‍ॅम्प कोपऱ्यात, भिंतीला टेकून होता आणि मीही समोरच्या भिंतीला पाठ लावून बसलो होतो, म्हणजे दोघंही नेमक्या चुकीच्या जागी. अ‍ॅम्प भिंतीपासून हात-दीड हात पुढे, कोपऱ्यातून बाहेर आणला, माझी खुर्ची खोलीच्या मधल्या तिसऱ्या भागात ओढली. घुमणं निम्म्याहून कमी झालं. तुमच्या खोलीत वेगळा सूर घुमेल. अ‍ॅम्प परत करायच्या आधी खुर्ची हलवून बघा.

दुसरी गोष्ट जमिनीची. अ‍ॅम्प थेट फरशीवर ठेवला की स्लॅबमधून आवाज खाली दुकानात आणि पलीकडे जातो, आणि आपल्याला मात्र गुडघ्यांपाशी ऐकू येतो. मी तो लाकडी स्टुलावर ठेवला आहे, स्टुलाच्या पायांखाली मोटरच्या फाउंडेशनला घालतो तसले रबरी पॅड. आता स्पीकर छातीच्या उंचीला आहे, म्हणून आवाज कमी ठेवूनही स्पष्ट ऐकू येतं.

आणि भांडी. उघडी ए वाजली की कुठूनतरी झिणझिण यायची. दोन दिवस मी स्पीकरचे स्क्रू आवळत होतो. ती होती स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या स्टीलच्या डब्यांची झाकणं. अ‍ॅम्पमधून आवाज येतोय असं वाटलं की आधी हेडफोन लावून तोच सूर वाजवायचा. हेडफोनमध्ये नसेल तर घरात शोधायचं.

हम, म्हणजे विजेमुळे मागे सतत येणारी गुणगुण, हा माझ्या आवडीचा विषय आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. बेसवर ई तारेचा तिसरा फ्रेट, जी, ४९ हर्ट्झ. आणि उघडी जी ९८, तर रेक्टिफायरनंतरचा (एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतरचा) हम १००. म्हणजे आपल्या देशात अ‍ॅम्पचा हम जवळजवळ जी मध्ये असतो. उघडी जी वाजवून हळूच विझू द्या. मागे हम असेल तर सूर सेकंदाला दोन-एक वेळा हेलकावे खाताना ऐकू येतो. दोन तंबोरे किंचित वेगळे लागलेले असले की येतात तसे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथला हम ए शार्प आणि बी च्या मधे कुठेतरी पडतो. मला हे समजलं तेव्हा फार आनंद झाला होता, धंद्यातला पन्नासचा आकडा असा वाद्यावर सापडेल असं वाटलं नव्हतं.

हम आला तर शोधायचा क्रम असा ठेवतो. केबल काढून नुसता अ‍ॅम्प चालू करायचा. तरीही येत असेल तर अ‍ॅम्प किंवा घरची लाइन. केबल लावल्यावर येत असेल तर बेस किंवा केबल. तारांना हात लावला की कमी होत असेल तर ते बेसच्या पिकअपने (तारांखालच्या कॉईलने) हवेतून उचललेलं असतं. एलईडी ट्यूब, फोनचा चार्जर, डिमर यांच्यापासून दोन पावलं सरकायचं. आणि तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कनेक्टरमध्ये खुपसून हम घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. हम जातो, पण अर्थिंगही जातं, आणि माणूस तारांना धरून बसलेला असतो. आमच्याकडे लाइट गेली की इन्व्हर्टर लागतो. माझा जुना, स्क्वेअर वेव्हचा आहे, त्यावर अ‍ॅम्प गुरगुरतो. म्हणून लाइट नसताना अ‍ॅम्प बंद आणि व्हॉक्सचा अ‍ॅमप्लग बेस चालू. काडेपेटीहून थोडा मोठा, थेट बेसच्या जॅकमध्ये बसतो, दोन लहान सेलवर चालतो, कानात हेडफोन. प्रवासालाही तोच नेतो.

आता रंबलच्या नॉबांचं. बास, लो मिड, हाय मिड, ट्रेबल असे चार आहेत आणि ब्राइट, कॉन्टूर, व्हिंटेज अशी तीन बटणं. पहिले दोन महिने मी कॉन्टूर दाबून ठेवायचो, कारण त्याने मधला आवाज खाली जातो आणि वरचा-खालचा फुलतो; एकट्याने वाजवताना फार गोड लागतं. सरांनी ते बंद करायला लावलं. गाण्यासोबत वाजवलं की मधला भाग नसलेली बेस ही गिटार आणि ड्रमच्या आवाजाखाली दिसेनाशी होते, आणि सूर बरोबर लागतोय का हेही नीट कळत नाही. आता तिन्ही बटणं बंद, चारही नॉब मध्यावर, फक्त लो मिड किंचित पुढे. रात्री अगदी हळू वाजवताना बास दोन रेघा वाढवतो, कानाच्या त्या कमतरतेसाठी. ओव्हरड्राइव्हचे नॉब मी अजून हाताळलेले नाहीत.

ऑक्सच्या भोकात फोन लावून गाण्यासोबत वाजवता येतं, आणि शिकणाऱ्याला ही सोय नसलेला अ‍ॅम्प मी घेऊच देणार नाही. मेट्रोनोमही त्यातूनच लावतो. हेडफोन लावला की स्पीकर गप्प होतो. हेडफोन मात्र वायरचाच हवा. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये बोट आणि सूर यांच्यात अंतर पडतं आणि लय शिकायच्या दिवसांत ते घातक आहे.

ड्रमसोबत हा अ‍ॅम्प पुरत नाही. सरांच्या खोलीत एकदा नेला होता, ड्रमवाला जरा रंगात आला की मी मलाच ऐकू येईना. चाळीस वॅट आणि एका दहा इंचीकडून ती अपेक्षाही ठेवू नये. ज्याला दोन-चार महिन्यांत मित्रांसोबत वाजवायला बसायचं नक्की आहे, त्याने थेट रंबल १०० किंवा तसा बारा इंची स्पीकरचा शोधावा, एकच खर्च करावा. ज्याला वर्षभर खोलीत एकट्याने शिकायचं आहे आणि फक्त दहा हजार आहेत, त्याने आठ इंची बेसचाच अ‍ॅम्प घ्यावा, बिनदिक्कत. फक्त महिन्यातून एकदा कुणाच्या तरी मोठ्या कॅबिनेटवर जाऊन वाजवून यावं, म्हणजे मोकळी तार लपून राहणार नाही.

रंबल ४० ला मागे एक्सएलआरचं लाइन आउट आहे. त्यामुळे गल्लीतल्या गणपतीत भजनी मंडळासोबत वाजवायची वेळ आली तेव्हा तिथून केबल थेट मिक्सरला दिली, समोरचा आवाज मंडपाच्या स्पीकरमधून गेला आणि हा अ‍ॅम्प माझ्या पायाशी, फक्त मला ऐकू यावं म्हणून राहिला. चाचा आरतीनंतर आले, अ‍ॅम्पच्या जाळीवर तळहात ठेवला आणि मला म्हणाले, उघडी ई वाजव. मी वाजवली. तार विझेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

आईने डबे आता खालच्या फळीवर हलवले आहेत.